‘फॉर टू’ लिहिलं म्हणून हसले, मग टू नेमका लावायचा कुठं?

पत्र: मॅडम नमस्कार, मी सांगलीत विश्रामबागला राहते, बी.कॉम. झालंय, शाळा सगळी मराठी मीडियम. मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर ऑफिसला आहे, बिलं, ट्रकच्या मालाच्या पावत्या म्हणजे एलआर, जीएसटी सगळं बघते आणि बाहेरच्या पार्ट्यांना इंग्रजीत मेल पण मीच करते. मागच्या आठवड्यात एका पार्टीला मेल लिहीत होते, त्यात ‘फॉर टू चेक’ असं लिहिलं आणि मालकांच्या पुतण्यानं ते स्क्रीनवरनं सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं, ऑफिस सगळं हसलं. तेव्हापासून मेल लिहायला बसले आणि टू आला की हात थांबतोय. मोबाईलवर बघून याद्या पाठ केल्या, कशानंतर टू, कशानंतर आयएनजी, पण दोन दिवसात विसरतंय. तो मेल खाली देते, अजून पाठवलेला नाही. मुलीसारखं समजून सांगा. आणि मालकांना सांगून हे मेलचं काम सोडून देऊ का?

‘डिअर सर, वी आर सेंडिंग सॅम्पल फॉर टू चेक द कलर. वी वॉन्ट दॅट यू शुड कन्फर्म द रेट. वी सजेस्ट यू टू बुक बिफोर मार्केट गोज अप. वी कॅन टू डिस्पॅच ऑन मंडे. प्लीज डोन्ट फर्गेट सेंडिंग जीएसटी नंबर. लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू.’

उत्तर:

पोरी, शेवटच्या प्रश्नापासनं सुरुवात करते, मेलचं काम अजिबात सोडू नकोस. पेढीवर बिलं करणारं माणूस उद्या दुसरं पण मिळतंय, पण बाहेरच्या पार्टीशी जिचं बोलणं आहे, कुणाला कसला माल लागतो, कोण पेमेंटला लांबवतो, कुणाला रंग बघितल्याशिवाय भाव बोलायचा नसतो हे जिला माहीत आहे, तिच्यावाचून मालकांचं अडतंय. ती जागा तू स्वतः मिळवली आहेस, एका हसण्यापायी ती त्या पुतण्याच्या हातात द्यायची काही गरज नाही. आणि तुझा मेल मी नीट वाचला. सहा वाक्यं आहेत, सहाही वाक्यांत गडबड त्या टूच्याच आसपास आहे, बाकी तुझं म्हणणं एकदम स्पष्ट आहे. म्हणजे इंग्रजी येत नाही असं नाहीये, एकच गाठ सुटत नाहीये आणि ती सुटण्यासारखी आहे.

सगळे हसले त्या ‘फॉर टू’ पासनंच सुरू करू. तो कुठनं आला बघ. तू मनात मराठी वाक्य केलंस, ‘रंग बघण्यासाठी सॅम्पल पाठवतोय’. साठी म्हणजे फॉर हे शाळेत पाठ झालेलं, म्हणून फॉर आला, आणि क्रियापदाच्या आधी टू लागतो हे पण पाठ झालेलं, म्हणून मागनं टू आला. दोन्ही नियम पाळलेस आणि दोघं एका जागेवर येऊन बसले. इंग्रजीत हे कधी चालतच नव्हतं असंही नाही, जुन्या इंग्रजीत फॉर टू सर्रास लिहायचे आणि आयर्लंड, स्कॉटलंडच्या काही भागातल्या बोलीत ते अजून ऐकू येतं, पण आजच्या कामकाजाच्या इंग्रजीत ते चालत नाही, त्यामुळं काढायला हवं हे खरं.

आता उपाय. मनात वाक्य करतानाच ‘बघण्यासाठी’ म्हणू नकोस, ‘बघायला’ म्हण. आपण सांगलीकडची माणसं बोलताना तसंही बघायलाच म्हणतो, बघण्यासाठी हे लिहायला बसल्यावर सुचतं. आणि बघायला, सांगायला, पाठवायला, मोजायला, या सगळ्यांच्या शेवटी जो ला आहे ना तो ‘सांगलीला जाते’ मधलाच ला आहे. सांगलीला जाते म्हणजे ‘गो टू सांगली’, बघायला जाते म्हणजे ‘गो टू सी’. एकच टू. इंग्रजीतला हा टू मुळात दिशाच दाखवायचा, हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाला स्वतःचा शेवट असायचा, टू नसला तरी चालायचं, आणि ‘त्या कामाकडं’ किंवा ‘त्या कामासाठी’ असं म्हणायचं असलं की क्रियापदाच्या आधी टू लावायचे. पुढं ते शेवट झिजून गेले आणि टू तेवढा मागं राहिला. म्हणजे साठीचं काम त्या टूच्या पोटातच आहे, वेगळा फॉर कशाला?

पण थांब, तुझ्या वाक्यातला फॉर नुसता खोडला तर ‘वी आर सेंडिंग अ सॅम्पल टू चेक द कलर’ उरतं, आणि ते व्याकरणात बसलं तरी तुझा अर्थ त्यात नीट येत नाही. कारण टू चेक म्हटल्यावर चेक कोण करणार, तर वाक्याच्या सुरवातीला जो बसलाय तो, म्हणजे ‘वी’. आम्हीच सॅम्पल पाठवतोय आणि आम्हालाच रंग तपासायचाय असं काहीतरी ते होतं. तपासणार आहे समोरची पार्टी. काम करणारा दुसरा असला की इंग्रजीत फॉर लावून त्या माणसाला मध्ये बसवतात, मग टू, ‘वी आर सेंडिंग अ सॅम्पल फॉर यू टू चेक द कलर’. तुम्हाला रंग बघायला सॅम्पल पाठवतोय. बघितलंस का, तुझा फॉर चुकीचा नव्हताच, त्याच्या आणि टूच्या मधला ‘यू’ राहिला होता. जो हसला त्याला विचारलं असतं की बाबा मग बरोबर काय, तर त्यानं फॉर खोडून दिला असता आणि वाक्य दिसायला नीट, अर्थाला वाकडं झालं असतं. मोबाईल पण तिथं लाल रेघ मारत नाही, कारण व्याकरण बरोबर आहे, चेक कुणी करायचं हे मोबाईलला काय माहीत. हीच रचना तुला रोज लागणार आहे, ‘फॉर द ड्रायव्हर टू साइन’ म्हणजे ड्रायव्हरनं सही करायला, ‘फॉर द बँक टू रिलीज द पेमेंट’ म्हणजे बँकेनं पेमेंट सोडायला.

यालाच लागून तुझं दुसरं वाक्य, ‘वी वॉन्ट दॅट यू शुड कन्फर्म द रेट’. हे आपल्या सगळ्यांच्या तोंडी आहे, सांगलीच काय अख्ख्या महाराष्ट्रात, कारण मराठीत ‘तुम्ही रेट कन्फर्म करावा असं आम्हाला वाटतं’ असं आपण बोलतो, आणि त्या ‘असं’ चा दॅट होतो आणि ‘करावा’ चा शुड. वॉन्टला तो दॅट चालत नाही. वॉन्ट, मग माणूस, मग टू, ‘वॉन्ट यू टू कन्फर्म’. आई मला म्हणते लवकर ये, तर ‘शी वॉन्ट्स मी टू कम अर्ली’. मालकांना वाटतं ड्रायव्हरनं थांबावं, तर ‘ही वॉन्ट्स द ड्रायव्हर टू वेट’. या जातीतली क्रियापदं तुझ्या कामाची आहेत, आस्क, टेल, एक्स्पेक्ट, अलाऊ, रिक्वेस्ट, अ‍ॅडव्हाइज, सगळ्यांना क्रियापद, माणूस, टू हाच क्रम. ‘वी रिक्वेस्ट यू टू रिलीज द पेमेंट’ तू शंभरदा लिहिलं असशील, ते जसं येतं तसंच वॉन्टचं. फक्त गिऱ्हाइकाला ‘वी वॉन्ट’ लिहू नकोस, ते जरा हुकूम सोडल्यासारखं वाटतं, ‘वी वुड लाइक यू टू’ लिही, रचना तीच, बोलणं मऊ.

आणि नको म्हणायचं असेल तर नॉट हा टूच्या आधी, ‘ही टोल्ड अस नॉट टू लोड टुडे’, आज भरू नका म्हणून सांगितलं. नॉट टेलला चिकटवलास की अर्थ फिरतो, ‘ही डिडन्ट टेल अस टू लोड’ म्हणजे भरा असं सांगितलंच नाही. भरू नका आणि भरा म्हटलं नाही, यावरनं यार्डात दिवसभर भांडणं होतील.

तिसरं वाक्य, ‘वी सजेस्ट यू टू बुक’. हे वरच्या क्रमात बसल्यासारखं वाटतं पण सजेस्ट त्या घरातला नाही. सजेस्ट, से आणि एक्स्प्लेन या तिघांना लगेच पाठीमागं माणूस चालत नाही, ‘सर सेड मी टू वेट’ चुकतं ते त्याचमुळं, तिथं टोल्ड पाहिजे. सजेस्टचं ‘वी सजेस्ट बुकिंग’ नाहीतर ‘वी सजेस्ट दॅट यू बुक’, आणि यातलं काही आठवत नसेल तर सरळ सजेस्ट सोडून अ‍ॅडव्हाइज घे, ‘वी अ‍ॅडव्हाइज यू टू बुक’, काम झालं. अडलेल्या ठिकाणी दुसरा शब्द उचलणं यात कमीपणा काही नाही, इंग्रजीत जन्मलेली माणसं पण तेच करतात.

चौथं, ‘वी कॅन टू डिस्पॅच’. इथं टू नको. याची खूण पण मराठीतच आहे. ‘आम्ही पाठवू शकतो’ म्हणतेस, ‘पाठवायला शकतो’ म्हणत नाहीस. करू, पाठवू, कळू असं ला नसलेलं कोरं रूप जिथं आपण वापरतो तिथं बऱ्याचदा इंग्रजीत पण टू नसतो. करू शकतो, ‘कॅन डू’. करू द्या, ‘लेट हिम डू’. कळू द्या, ‘लेट अस नो’, आणि हे ‘लेट अस टू नो’ मी इतक्या मेलमध्ये बघितलंय की ते तुझ्याकडनं पण कधीतरी जाणार म्हणून आधीच सांगते, कळायला द्या म्हणत नाही ना आपण, मग टू कशाला. कॅन, कुड, विल, वुड, शॅल, शुड, मे, माइट, मस्ट, या कुणाच्याच मागनं टू येत नाही. लागतंय, पाहिजे या अर्थाचे नीड आणि हॅव मात्र टू घेतात, ‘वी नीड टू डिस्पॅच’, ‘वी हॅव टू डिस्पॅच’, आणि मस्टचा अर्थ तोच असून मस्ट घेत नाही. आपली खूण मोडते असं एक ठिकाण पक्कं लक्षात ठेव, मेक. ‘त्यांनी मला थांबायला लावलं’, मराठीत ला आहे, इंग्रजीत ‘दे मेड मी वेट’, टू नाही. आणि तेच उलटून ‘मला थांबायला लावलं गेलं’ असं केलं की टू परत येतो, ‘आय वॉज मेड टू वेट’. असं का ते विचारू नकोस, आहे तसं आहे.

आता तुझं पाचवं वाक्य, आणि मला विचारशील तर अख्ख्या मेलमधलं सगळ्यात धोक्याचं हेच, कारण फॉर टू वर माणूस हसतो पण अर्थ कळतो, इथं कुणी हसणार नाही आणि अर्थ बदललेला असेल. ‘डोन्ट फर्गेट सेंडिंग जीएसटी नंबर’. फर्गेटला टू पण चालतो आणि आयएनजी पण, दोन्ही बरोबर, पण दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘फर्गेट टू सेंड’ म्हणजे पाठवायला विसरणं, काम अजून व्हायचंय. ‘फर्गेट सेंडिंग’ म्हणजे पाठवल्याचं विसरणं, काम झालेलं आहे, आठवण गेली. तुझं वाक्य असं झालंय की तुम्ही जीएसटी नंबर पाठवलाय ते विसरू नका, आणि त्यांनी तर पाठवलेलाच नाही.

पाठवायला आणि पाठवल्याचं. हा फरक तुला कुणी शिकवायला नको, तो तू रोज बोलतेस. गोडाऊनला कुलूप घालायचंय अशी कल्पना कर. ‘आय रिमेम्बर्ड टू लॉक द गोडाऊन’, आठवणीनं कुलूप लावलं. ‘आय रिमेम्बर लॉकिंग द गोडाऊन’, कुलूप लावल्याचं मला आठवतंय. रात्री अकराला मालकांचा फोन आला की गोडाऊन बंद केलं होतं का, तर तू यातलं दुसरं म्हणशील. पहिल्यात नजर पुढच्या कामावर आहे, दुसऱ्यात मागच्या. टूची मूळची दिशा सांगितली ना वर, तीच इथं कामाला येते, टूच्या पुढचं काम अजून समोर असतं, आयएनजीचं काम चालू तरी असतं नाहीतर होऊन गेलेलं.

असंच स्टॉपचं. गाडी सांगलीतनं निघाली, पुण्याला चाललीय, पेठ नाक्याला ड्रायव्हर थांबला आणि त्यानं तुला फोन केला, तर ‘द ड्रायव्हर स्टॉप्ड टू कॉल मी’, फोन करायला थांबला. आणि ‘द ड्रायव्हर स्टॉप्ड कॉलिंग मी’ म्हणजे आधी फोन करत होता, आता करायचा बंद झाला, माल कुठं आहे पत्ता नाही. एका टूनं गाडी सापडते नाहीतर हरवते. ‘वी स्टॉप्ड डिस्पॅचिंग’ म्हणजे माल पाठवणं बंद केलं, आणि कुणी चुकून ‘वी स्टॉप्ड टू डिस्पॅच’ लिहिलं तर ते होतं माल पाठवायला थांबलो, म्हणजे पार्टी माल यायची वाट बघत बसणार. म्हणून मी म्हणते मेलमध्ये हसण्यासारखी चूक झाली तर एवढं काही बिघडत नाही, अशा गप्प बसलेल्या चुकांना जपायचं.

ही दिशेची खूण हाताशी ठेवलीस तर तुझ्या त्या पाठ होत नसलेल्या याद्या पण बऱ्याचशा सुटतात. वॉन्ट, होप, प्लॅन, डिसाइड, अ‍ॅग्री, प्रॉमिस, ऑफर, रिफ्यूज, एक्स्पेक्ट, सगळ्यांत काम पुढं आहे, सौदा ठरलाय पण माल उचलायचाय, म्हणून टू. एन्जॉय, फिनिश, कीप, अ‍ॅडमिट, डिनाय, यांत काम चालू आहे किंवा झालंय, म्हणून आयएनजी. ‘वी फिनिश्ड लोडिंग’, भरून संपलं, तिथं टू लोड कसं येणार. शंभर टक्के बसत नाही हे, सजेस्ट, कन्सिडर आणि पोस्टपोन यांत काम पुढंच असतं तरी ते आयएनजी घेतात, आणि मॅनेजमध्ये काम झालेलं असतं तरी ‘मॅनेज्ड टू अरेंज अ ट्रक’ असा टूच येतो. असे जे सापडतील ते वेगळे पाठ कर, बाकीच्यांना दिशा विचार.

आणि एक, टू लागला की पुढचं क्रियापद कोरं. काळ काय तो आधीचं क्रियापद घेतं. ‘आय वॉन्टेड टू सेंट’ नाही, ‘वॉन्टेड टू सेंड’. ‘पाठवायला पाहिजे होतं’ मध्ये पाठवायला तसंच राहतं आणि होतं बदलतं, तसंच. तुझ्या मेलमध्ये ही चूक नाहीये, पण घाईत होते.

आता शेवटचं वाक्य, ज्यावर तुझी घालमेल झाली असणार, कारण टूपुढं कोरं क्रियापद हे पाठ आहे आणि इथं मी म्हणणार ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअरिंग’. हा टू वेगळा आहे. हा ‘सांगलीला’ वालाच राहिलेला ला, त्याच्यापुढं नाव लागतं, वस्तू लागते, ‘लुकिंग फॉरवर्ड टू युअर ऑर्डर’, आणि ऑर्डरच्या जागी काम घालायचं झालं तर त्या कामाचं नाव करून घालावं लागतं, हिअरिंग. ओळखायचा कसा, तर टूच्या पुढं एखादी वस्तू ठेवून बघ, दिवाळी, ऑर्डर, आंबा, काहीही. ‘लुकिंग फॉरवर्ड टू दिवाळी’ बसतंय, म्हणून पुढं क्रियापद आलं तर आयएनजी. ‘वॉन्ट टू दिवाळी’ बसत नाही, म्हणून तिथं कोरं क्रियापद.

हीच परीक्षा युज्ड टूला लाव, कारण त्यात दोन्ही प्रकार सापडतात आणि माणसं तिथंच घसरतात. हरिपूरला पूर्वी हळद जमिनीतल्या पेवात साठवायचे, ‘दे युज्ड टू स्टोअर टर्मरिक इन पिट्स’, साठवायचे, पूर्वीची रीत. आणि ‘ही इज युज्ड टू स्टोअरिंग टर्मरिक’ म्हणजे त्याला हळद साठवायची सवय आहे, तो त्यात मुरलाय. माणसाबद्दल बोलताना मध्ये ‘इज’ आला की सवय, आणि ‘ही इज युज्ड टू द डस्ट’ अशी वस्तू तिथं बसते, यार्डातल्या धुळीची सवय झालीय, म्हणून स्टोअरिंग. इज नसला की पूर्वी असायचं, आणि पुढं कोरं.

तुझ्या मेलमध्ये नाही पण हळदीच्या धंद्यात नेहमी लागतं ते एक वाक्य सांगते. माल ओला आहे, साठवता येणार नाही. इंग्रजीत ‘द लॉट इज टू डॅम्प टू स्टोअर’. यात दोन टू आहेत, आपल्या लिपीत सारखेच दिसतात, पण पहिला दोन ओ वाला आहे, त्याचा अर्थ प्रमाणाबाहेर, आणि दुसरा आपला नेहमीचा. मराठीत आपण ‘इतका ओला की साठवता येणार नाही’ म्हणतो, त्यातला नाही इंग्रजीत कुठंच दिसत नाही, तो त्या पहिल्या टूनं आधीच गिळलाय, म्हणून तिथं नॉट घालू नकोस, घातलास तर उलटं होईल. आणि माल व्यवस्थित वाळलाय, साठवायला हरकत नाही, तर ‘ड्राय इनफ टू स्टोअर’, इनफ हा ड्रायच्या मागनं. तसंच ‘काय करायचं ते कळत नाही’ याला लांब वाक्य जुळवत बसू नकोस, ‘आय डोन्ट नो व्हॉट टू डू’. कुठं उतरवायचं, ‘व्हेअर टू अनलोड’, कुणाला विचारायचं, ‘हू टू आस्क’, पैसे कसे भरायचे, ‘हाऊ टू पे’. आपला ‘-ायचं’ आणि त्यांचा प्रश्नाचा शब्द अधिक टू, तंतोतंत.

आता याद्यांचं. त्या मोबाईलवरच्या याद्या सोडून दे. तुझ्या इनबॉक्समध्ये पार्ट्यांचे मेल येऊन पडलेत, त्यातल्या चांगलं लिहिणाऱ्या दोन-तीन पार्ट्या निवड, त्यांच्या मेलमध्ये टू आला की ते वाक्य अख्खं एका वहीत उतरव, टूच्या आधीच्या शब्दाखाली रेघ मार. टूच्या पुढं काय आहे हे सगळे बघतात, पण टू येतो तो आधीच्या शब्दामुळं, निर्णय तिथं होतो, म्हणून रेघ तिथं. तुझ्या धंद्यात फिरून फिरून तीच वाक्यं येतात, रेट, सॅम्पल, डिस्पॅच, पेमेंट, तेव्हा वही फार भरणार पण नाही आणि जे भरेल ते दुसऱ्या दिवशी कामाला येईल. मेल पाठवायच्या आधी त्यातल्या प्रत्येक टूवर बोट ठेवून दोनच गोष्टी विचार, माझ्या आधी कोण आहे, आणि माझ्या पुढचं काम करणार कोण.

पुतण्याचं म्हणशील तर त्याला सगळ्यांसमोर उत्तर द्यायला जाऊ नकोस, पण गप्प पण बसू नकोस. एकटा सापडला की शांतपणे सांग, मेलमध्ये काही चुकलेलं दिसलं तर माझ्या टेबलाशी येऊन सांगत जा, मी दुरुस्त करते, वाचून दाखवू नका, पार्टीचे मेल आहेत. एवढंच. मराठी मीडियमच्या मुलींनी हे ऐकून घेतलंच पाहिजे असं जे वातावरण आपल्याकडं ऑफिसांत असतं ते मला मुळीच मान्य नाही. इतकी वर्षं शिकवतेय, इंग्रजी मीडियममधनं आलेली मुलं पण ‘लुकिंग फॉरवर्ड टू हिअर’ लिहितात, फक्त त्यांचं कुणी मोठ्यानं वाचत नाही. परत तसंच झालं तर मालकांना सांग, आणि सांगताना हसण्याची तक्रार करू नकोस, मेल जायला उशीर होतोय आणि पार्टी थांबलीय असं सांग, ते त्यांना लगेच कळेल.

तुझा मेल दुरुस्त करून देते. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, राजापुरी या हळदीच्या जातीचं नाव पार्टीला माहीत असतं, म्हणून मालाचं नाव मेलमध्ये घातलंय, नुसतं सॅम्पल लिहू नये.

‘डिअर सर, वी आर सेंडिंग अ सॅम्पल ऑफ राजापुरी टर्मरिक फॉर यू टू चेक द कलर. वी वुड लाइक यू टू कन्फर्म द रेट बाय सॅटर्डे. वी अ‍ॅडव्हाइज यू टू बुक बिफोर द मार्केट गोज अप. वी कॅन डिस्पॅच ऑन मंडे. प्लीज डोन्ट फर्गेट टू सेंड अस युअर जीएसटी नंबर. वी लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू.’

शनिवार मी माझ्या मनानं घातलाय, रेट कुठल्या दिवसापर्यंत धरायचा ते मालकांना विचारून मग पाठव.